नेरूळचे मैदान आणि त्याचे पाहुणे

२५ ऑक्टोबर २०१७, बुधवारची रात्र. सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना सुरू होता, स्पेन विरुद्ध माली. मध्यंतरापर्यंत आबेल रुईझने दोन गोल करून स्पेनला पुढे नेले होते. उत्तरार्धात मालीच्या शेक डुकुरेने लांबून सणसणीत फटका मारला. चेंडू गोलच्या आडव्या खांबाला खालून लागला, रेषेच्या आत टप्पा खाऊन बाहेर उसळला. गोल झाला होता. टीव्हीवर नंतर पुन्हा पुन्हा दाखवलेल्या दृश्यांत तो साफ दिसत होता. पण चेंडू रेषा ओलांडतो की नाही हे सांगणारे यंत्र त्या स्पर्धेत नव्हते आणि पंचांना तो दिसला नाही. खेळ पुढे चालू राहिला. माली ३-१ असा हरला.

या सामन्याला पस्तीस हजारांहून अधिक लोक नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले होते. खेळणाऱ्या दोन संघांपैकी एकही आपला नव्हता, खेळाडूंपैकी एकाचेही नाव चार महिन्यांपूर्वी कुणाला ठाऊक नव्हते आणि दुसऱ्या दिवशी कामाचा गुरुवार होता. तरीही हार्बर लाइनच्या गाड्या भरून लोक आले. क्रिकेटसाठी बांधलेल्या या मैदानाचा इतिहास नीट पाहिला तर अशीच गंमत जागोजागी सापडते. ज्याच्यासाठी ते उभारले गेले, त्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटने त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. त्याला नाव मिळवून दिले ते फुटबॉलने, पोरासोरांच्या स्पर्धांनी आणि मुलींनी, म्हणजे ज्यांना शहरातले पहिले मैदान सहसा मिळत नाही त्यांनी.

कूपरेजचे दिवस

मुंबईला फुटबॉल नवा नव्हता. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला. ड्युरंड चषकानंतरची ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. पहिली पन्नासेक वर्षे तिच्यावर गोऱ्या पलटणींचे राज्य होते. पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटने नेला. १९२३ साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचले, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरवले. चषकावर भारतीय संघाचे नाव कोरले जायला १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्सने मिळवला. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून देणारे हेच ते रहीमसाहेब.

रोव्हर्सचे सामने ज्या कूपरेज मैदानावर रंगले ते दक्षिण मुंबईतले, मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावरचे, आटोपशीर मैदान. तिथे प्रेक्षक टचलाइनच्या इतके जवळ बसत की बचावपटूने आपल्या जोडीदाराला घातलेली हाक त्यांना ऐकू येई. कोलकात्याचे मोठे संघ आले की मैदान भरून जाई. पण मैदान लहान ते लहानच राहिले आणि मुंबईच्या फुटबॉलचा आधार कंपन्यांच्या संघांवर होता. कंपन्यांचे हिशेब बदलले तसे संघ आटत गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. रोव्हर्स चषक तर त्याआधीच, २०००-०१ च्या स्पर्धेनंतर, थांबला होता. मोठी परंपरा आणि छोटे मैदान असलेल्या या शहरात फुटबॉलला चाळीस-पन्नास हजारांची जागा मिळाली ती खाडीपलीकडे, आणि तीही फुटबॉलसाठी न बांधलेली.

खाडीपलीकडचे मैदान

नवी मुंबई वसवायला सिडकोची स्थापना झाली १९७० साली. लोकल गाडी खाडी ओलांडून वाशीला पोचायला १९९२ साल उजाडले. त्यानंतर नेरूळ, बेलापूर, पनवेल झपाट्याने वाढले. सायन-पनवेल महामार्गालगत नेरूळला डी. वाय. पाटील शिक्षणसमूहाचा मोठा परिसर उभा राहिला. ज्ञानदेव यशवंतराव पाटील मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंबपचे. कोल्हापूरचे महापौर, पन्हाळ्याचे आमदार, नंतर शिक्षणसम्राट आणि पुढे त्रिपुरा व बिहारचे राज्यपाल असा त्यांचा प्रवास. त्यांचे चिरंजीव विजय पाटील यांनी क्रीडा अकादमीचे काम हाती घेतले. ४ मार्च २००८ रोजी या परिसरात स्टेडियमचे उद्घाटन झाले.

आराखडा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांचा. बांधकामातली सगळ्यांत मोठी करामत छताची आहे. प्रेक्षकांवरचे छत मागच्या बाजूने तोलून पुढे काढलेले. बैठकांमध्ये एकही खांब नाही. जुन्या स्टेडियममध्ये खांबाआड बसून अर्धा सामना मानेने आणि अर्धा कानाने पाहिलेल्या माणसालाच या सोयीचे मोल कळते. खेळपट्टीसाठी माती थेट दक्षिण आफ्रिकेहून आणली. बांधले तेव्हा सांगितली गेलेली प्रेक्षकक्षमता सुमारे ५५ हजार. शहराच्या महापालिकेचे किंवा क्रिकेट संघटनेचे नव्हे, एका खासगी शिक्षणसमूहाचे इतके मोठे मैदान ही आपल्याकडे तेव्हा नवलाईच होती.

सुरुवात झोकात झाली. उद्घाटनानंतर तीनच महिन्यांनी, १ जून २००८ रोजी, पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला आणि शेन वॉर्नच्या राजस्थान रॉयल्सने शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवले. २०१० चा अंतिम सामनाही इथेच झाला. मात्र ११ नोव्हेंबर २००९ रोजी ठरलेला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना पावसाने असा धुऊन काढला की एक चेंडूसुद्धा टाकता आला नाही. तिकडे चर्चगेटजवळचे वानखेडे २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधून झाले, अंतिम सामना तिथे रंगला आणि मुंबईतल्या पुरुष क्रिकेटचे मोठे सामने तिथेच स्थिरावले. २०११ मध्ये पुणे वॉरियर्सने आपले घर तयार होईपर्यंत नेरूळचा आसरा घेतला. मग आयपीएल इथून जी गेली ती थेट २०२२ ला परतली. तोलून धरलेले छत, प्रखर दिवे, हजारो खुर्च्या, सगळे होते. घरमालकाचा खेळ तेवढा नव्हता.

गोल मैदानात चौकोनी खेळ

इंडियन सुपर लीग २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीने नेरूळला घर मानले. क्रिकेटच्या मैदानात फुटबॉल बसवणे दिसते तेवढे सोपे नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. क्रिकेटची सीमारेषा मध्यापासून ७० मीटरवर धरली तर बाजूच्या प्रेक्षकाला टचलाइन निदान छत्तीस मीटर लांब पडते. कूपरेजला ऐकू येणारी बचावपटूची हाक इथे विरून जाते. त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा. क्रिकेटची खेळपट्टी म्हणजे रोलर फिरवून दाबलेली टणक चिकणमाती आणि ती असते नेमकी मैदानाच्या मध्यावर, जिथे फुटबॉलमध्ये सगळ्यांत जास्त धावपळ चालते. तिथे घसरून पडणाऱ्या खेळाडूचे गुडघे फुटतात, चेंडू भलताच उसळतो. म्हणून फुटबॉलची स्पर्धा आली की तो मधला भाग मऊ करून, हिरवळ लावून एकजीव करावा लागतो. क्रिकेट परत आले की उलटा उद्योग. दोन्ही खेळांना वर्षभर एकाच जमिनीवर नांदवता येत नाही. ज्या वर्षांत क्रिकेटने पाठ फिरवली, त्याच वर्षांत फुटबॉलची हिरवळ इथे नीट धरली, ती या कारणाने.

पहिल्याच सामन्याने हिरवळीचे पैसे वसूल केले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबईने पुण्याला ५-० असे हरवले आणि ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने या लीगमधली पहिली हॅट्ट्रिक केली. पुढच्या मोसमात सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध याच मैदानावर तीन गोल केले. लीगमधली ती भारतीय खेळाडूची पहिली हॅट्ट्रिक. पण पहिल्या मोसमाची खरी रात्र २० डिसेंबर २०१४ ची. अंतिम सामना कोलकाता आणि केरळ यांच्यात होता. एका संघाच्या मालकांत सौरव गांगुली, दुसऱ्याच्या मालकांत सचिन तेंडुलकर. क्रिकेटच्या स्टेडियमवर दोन क्रिकेटवीरांचे फुटबॉल संघ आमनेसामने, आणि स्टेडियममध्ये ३६ हजारांहून अधिक प्रेक्षक. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळ खेळावा लागणार अशा तयारीत सगळे असताना, वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत बदली खेळाडू मोहम्मद रफीकने कॉर्नरवर आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. कोलकाता पहिले विजेते ठरले.

मुंबई सिटीने दोन मोसमांनंतर अंधेरीचा रस्ता धरला. तिथले फुटबॉलचे मैदान छोटे, पण प्रेक्षक खेळाच्या जवळ. रोजच्या लीगसाठी ते सोयीचे ठरले. नेरूळच्या वाट्याला आता मोठ्या पण तात्पुरत्या गोष्टी यायच्या होत्या.

मुलांचा विश्वचषक

सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे यजमानपद भारताला २०१३ च्या डिसेंबरमध्ये मिळाले. फिफाची कुठलीही विश्वचषक स्पर्धा भारतात होण्याची ही पहिलीच वेळ. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई अशी सहा शहरे ठरली. स्पर्धेची गटवारी ७ जुलै २०१७ रोजी मुंबईत काढण्यात आली. भारताचे तिन्ही सामने दिल्लीला पडले.

फिफाच्या पाहणीत स्टेडियम म्हणजे फक्त खुर्च्या आणि हिरवळ नसते. एका दिवशी दोन सामने असले की चार संघांसाठी चार ड्रेसिंग रूम लागतात. पंचांची खोली वेगळी, उत्तेजक चाचणीची वेगळी, पत्रकारांची बैठक वेगळी. स्टेडियमइतकीच चांगली सराव मैदाने जवळपास हवीत, कारण मुख्य हिरवळ सरावाने झिजू द्यायची नसते. नेरूळचेच महापालिकेचे यशवंतराव चव्हाण मैदान या निमित्ताने आंतरराष्ट्रीय दर्जाचे झाले. स्पर्धा तीन आठवड्यांत संपते, पण अशी सराव मैदाने मागे राहतात. गावाच्या हिशेबाने खरी कमाई तीच.

त्या वर्षी फुटबॉल महाराष्ट्रभर नेण्याचा एक सरकारी उद्योगही झाला. १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या मोहिमेत राज्यभरातल्या लाखो मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी योजना होती. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. पैनगंगेकाठच्या मेहकरपासून कोकणातल्या खाड्यांपर्यंत, जिथे शाळेच्या मैदानावर कबड्डी, खो-खो आणि उरलेल्या जागेत क्रिकेट एवढेच खेळ रुळलेले, तिथेही त्या दिवशी फुटबॉल पोचावा ही कल्पना. एका दिवसाने खेळ रुजत नाही, हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाला सांगायची गरज नाही. पण शाळेच्या कपाटात चेंडू असणे आणि नसणे यातला फरकही त्यालाच सगळ्यांत चांगला कळतो.

६ ऑक्टोबरला स्पर्धा सुरू झाली. नेरूळला पहिल्या दिवशी न्यूझीलंड-तुर्की १-१ बरोबरीत सुटला आणि पॅराग्वेने मालीला ३-२ असे हरवले. तीन दिवसांनी, ९ तारखेला, दिल्लीत कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. भारत तिन्ही सामने हरला, तरी त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ही महाराष्ट्राच्या समाधानाची बाजू. पेठापेठांच्या तालमींनी संघ बाळगायचे आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना गर्दी करायची, या कोल्हापुरी रिवाजातून फुटबॉल तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. अनिकेत त्या मातीतला.

पहिला पराभव पत्करूनही माली उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि नेरूळच्या त्या न दिलेल्या गोलपाशी त्याची वाट अडली. पूर्ण स्पर्धेला देशभरात मिळून १३ लाख ४७ हजार १३३ प्रेक्षक आले. १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा गर्दीचा विक्रम त्याने मोडला. भारतात फुटबॉल पाहायला लोक येत नाहीत, हे वाक्य त्यानंतर जपून वापरावे लागते.

मुलींचे वर्ष

२०२२ हे नेरूळच्या मैदानाचे सगळ्यांत गजबजलेले वर्ष. जानेवारीत महिलांचा आशिया चषक आला. कोरोनाचे कडक नियम, हॉटेलात कोंडलेले संघ. २० जानेवारीला भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला चिनी तैपेईशी सामना होता. पण भारतीय संघातच इतक्या जणींना लागण झाली की मैदानात उतरवायला किमान तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. स्पर्धेच्या नियमानुसार यजमानांचा संघच स्पर्धेबाहेर गेला आणि पुढच्या विश्वचषकाची वाटही त्याबरोबर बंद झाली. घरच्या मैदानावर, न हरता, तापाने बाद होण्याची ही वेळ फार थोड्या संघांवर आली असेल. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-२ असा मागे पडलेला चीन उत्तरार्धात उसळला आणि शेवटच्या क्षणी शियाओ यूयीच्या गोलने दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवून नवव्यांदा आशियाई विजेता झाला.

मार्च ते मे आयपीएल परतली. साथीमुळे सगळे साखळी सामने मुंबई-पुण्यातच घ्यायचे ठरले होते, म्हणून. मग ऑगस्टमध्ये वेगळेच संकट आले. भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाल्याचे कारण देत फिफाने महासंघाला निलंबित केले. ऑक्टोबरमधला सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक हातातून जाणार असे दिसू लागले. निलंबन २६ ऑगस्टला उठले तेव्हा स्पर्धेला दीड महिना उरला होता.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी नेरूळला त्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला, स्पेन विरुद्ध कोलंबिया. सामना संपायला आठेक मिनिटे असताना कोलंबियाच्या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि त्या एका गोलवर स्पेन जिंकले. पाच वर्षांपूर्वी मालीच्या मुलांना जे मिळाले नाही, ते कोलंबियाच्या आणि स्पेनच्या मुलींना मिळाले होते: शंकास्पद प्रसंगी पडद्यावर पाहून निर्णय तपासणारे व्हिडिओ पंच.

फुटबॉलने दाखवलेल्या वाटेने महिला क्रिकेटही आले. महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला सामना इथे झाला तो ४ मार्च २०२३ रोजी, म्हणजे स्टेडियमच्या पंधराव्या वाढदिवशी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय महिलांनी इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी हरवले. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा भारतात आणला. नेरूळचे नाव घराघरांत पोचले ते त्या रात्री.

मधल्या काळात फुटबॉलने आणखी एक धडा दिला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीच्या गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल आला, म्हणजे नेमार आला. मुंबईचे या स्पर्धेतले घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीला होते, पण हा सामना नेरूळच्या मोठ्या मैदानावर घेण्यात आला. तेवढ्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा निकामी झाला. ६ नोव्हेंबरला तो आलाच नाही. प्रेक्षक मात्र आले, हजारोंनी. मुंबई ०-२ अशी हरली.

हिशेब

या सतरा-अठरा वर्षांचा ताळा मांडला तर एक गोष्ट वारंवार पुढे येते. प्रत्येक वेळी शंका घेतली गेली: परदेशी पोरांचा खेळ कोण पाहणार, मुलींच्या सामन्याला कोण येणार, नावाजलेला खेळाडू नसलेल्या संघासाठी कोण तिकीट काढणार. आणि साथीचे दिवस सोडले तर प्रत्येक वेळी लोकांनी उत्तर दिले. गर्दी नाही म्हणून मोठे मैदान द्यायचे नाही, आणि मोठे मैदान नाही म्हणून गर्दी होत नाही, हा फेरा नेरूळला तुटला. कुणाच्या दूरदृष्टीने तो तुटला असे म्हणता येत नाही. मैदान रिकामे होते, एवढेच त्याचे कारण. ते रिकामे होते म्हणून मिळाले, आणि मिळाले म्हणून दिसले.

पण नेरूळने फुटबॉल रुजवला असेही म्हणता येणार नाही. तिथे अंतिम सामने झाले, दर रविवारचे सामने झाले नाहीत. खेळ टिकतो कोल्हापूरच्या पेठांसारख्या ठिकाणी, जिथे दर हंगामात तेच संघ, त्याच ईर्ष्येने, त्याच मैदानावर उतरतात. मोठे स्टेडियम खेळाला प्रतिष्ठा देते. सवय लावते ते जवळचे मैदान.

म्हणूनच या इतिहासाचा उपयोग नवी मुंबईपेक्षा मेहकर, लोणार, चिखलीसारख्या तालुक्याच्या गावांना अधिक आहे. तालुका क्रीडा संकुले राज्याच्या धोरणातच आहेत. पन्नास हजारांच्या स्टेडियमचे स्वप्न तिथे कुणी पाहायला नको. संध्याकाळी पाच ते सात या वेळात ते मैदान मोठ्या पोरांच्या क्रिकेटने अडवलेले असते की आठवड्यातले दोन दिवस शाळकरी मुलींच्या फुटबॉलसाठी राखलेले असतात, एवढाच प्रश्न आहे. त्याला ना सिमेंट लागते ना परदेशी माती. लागते ते फलकावर लिहिलेले आणि पाळले जाणारे वेळापत्रक. नेरूळला जे योगायोगाने घडले, ते तालुक्याला ठरवून करता येते.